उत्तराची वाट पाहणारें पान

गेल्या पावसाळ्यांत सातारा जिल्ह्यांतील एका खेड्याच्या प्राथमिक शाळेंत जाण्याचा आम्हांस योग आला. लोकवर्गणींतून घेतलेला मोठा पडदा भिंतीवर लाविला होता व त्यावर अपूर्णांकांचा एक डिजिटल पाठ चालू होता. भाकरीचे चार तुकडे करून त्यांतला एक तुकडा चित्रांतल्या मुलानें उचलला, आणि पडद्यांतून गोड आवाजांत प्रश्न आला कीं, ‘आतां किती भाकरी उरली, सांगा पाहूं?’ पुढच्या रांगेंतल्या एका मुलीनें हात वर केला. तिनें तोंड उघडलें न उघडलें तोंच पडद्यानें आपलें उत्तर आपणच देऊन टाकिलें, वर शाबासकीही दिली, आणि पाठ पुढें चालता झाला. मुलीनें हात खालीं घेतला. ती खट्टू झालेलीही दिसली नाहीं. असें रोजचेंच होत असावें. पाठाच्या वेष्टनावर ‘संवादात्मक’ असा शब्द ठसठशीत छापलेला होता. ती शाबासकी नेमकी कोणास मिळाली, हा विचार आम्ही एस. टी. ची वाट पाहत असतां बराच वेळ करीत होतों.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी; संगणकशास्त्रांत आमची गति बेताचीच. तथापि शिकविण्याच्या साधनांस इतिहास असतो, आणि एखादी वस्तु अगदीं नवी म्हणून आपल्यापुढें येते तेव्हां तिचीं पाळेंमुळें शोधणें हा आमच्यासारख्यांचा धंदाच आहे. वाचणाऱ्याला प्रश्न करणारें, त्याचें उत्तर घेणारें व तें पाहून पुढची वाट ठरविणारें पान, म्हणजेच हल्लीं ज्यास संवादात्मक डिजिटल पाठ म्हणतात तें, कोठून आलें? कृष्णाकांठच्या या दोन जिल्ह्यांत त्याच्या पूर्वजांच्या खुणा आपणांस वाटतात त्याहून पुष्कळ अधिक सांपडतात, आणि त्या पाहिल्यावर त्या मुलीचा वर गेलेला हात अधिकच बोचूं लागतो.

पंतोजींच्या शाळेंत मुलाच्या हातीं पहिल्यानें येई ती धूळपाटी. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तिच्यावर काडीनें अक्षर काढावयाचें, पंतोजींनीं अथवा एखाद्या थोरल्या मुलानें तें पाहावयाचें, चुकलें तर हातानें धूळ सारखी करून पुन्हां काढावयाचें. या साधनाची थोरवी त्याच्या स्वस्ताईंत नव्हती. चूक पुसली जाते यांत होती. धूळपाटीवर चुकलेल्या अक्षराची साक्ष उरत नाहीं, म्हणून मूल निर्भयपणें चुकतें. आणि ती कोरी असतां मुलावांचून निरुपयोगी असते. मुलानें कांहीं केल्याखेरीज ती कांहींच दाखवीत नाहीं. मद्रासेजवळ एग्मूर येथील लष्करी अनाथालयाचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनीं अशाच एका देशी शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें गिरवीत असलेलीं पाहिलीं, ती रीत आपल्या अनाथालयांत सुरू केली, थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याची जोड तिला दिली, आणि १७९७ सालीं या प्रयोगाची हकीकत लंडनमध्यें छापली. इंग्लंडांतील गोरगरिबांच्या शाळांत ही वाळू पसरली, आणि पुढें लँकेस्टर साहेबांच्या नांवाशीं जोडली जाऊन विलायती सुधारणा म्हणून ती आमच्याच घरीं परत आली. आपल्या वस्तूला परदेशचें तिकीट लागल्यावांचून तिची किंमत आपणांस कळत नाहीं, ही खोड तेव्हांपासूनची आहे.

येथें पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या शाळेंत छडी होती, अर्थ न समजतां केलेली घोकंपट्टी होती, आणि मुख्य म्हणजे बहुसंख्य मुलांस व बहुतेक सर्व मुलींस तिचें दारच बंद होतें. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ सालीं सातारा जिल्ह्यांतील नायगांवचा; त्या गांवांतील किती मुलींच्या हातांस धूळपाटीची धूळ लागली असेल, याचें उत्तर देण्यास पुरावा शोधावा लागत नाहीं. साधन चांगलें असणें आणि तें सर्वांच्या हातीं असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हें वाक्य आम्हांस पुढें पुन्हां आठवावें लागणार आहे.

छपाई आली ती या प्रदेशांत मोठ्या चमत्कारिक वाटेनें आली. नाना फडणिसांच्या काळांत पुण्याच्या एका तांबटानें तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरून छापण्याची कला शिकून घेतली होती. नानांच्या मागें तिला आश्रय मिळाला तो मिरजेस पटवर्धनांचा, आणि तेथें १८०५ सालीं भगवद्गीता छापून निघाली. ही गोष्ट अभिमानानें सांगितली जाते व ती तशी आहेच. पण तिच्यांतील एक बारकावा आमच्या विषयास फार जवळचा आहे. या छपाईंत सुटे खिळे नव्हते. पानाचें अख्खें पान एकसंध कोरलेलें. त्यांतलें एक अक्षर हलवावयाचें म्हटलें तरी पत्रा नवा कोरावा लागावयाचा. साधन नवें, पण पानाची कल्पना हस्तलिखिताचीच.

आज शाळांच्या संगणकांत जीं हजारों मराठी पानें पडून आहेत, त्यांपैकीं पुष्कळ या मिरजेच्या पत्र्याच्या जातीचीं आहेत. पुस्तकाचें पान जसेंच्या तसें छायाचित्रून ठेवलेलें. डोळ्यांस अक्षरें दिसतात, संगणकाच्या लेखीं तें एक चित्र. त्यांत शब्द शोधतां येत नाहीं, आंधळ्या मुलास तें यंत्राकडून वाचून दाखवितां येत नाहीं, मुलाची चूक तें ओळखीत नाहीं. यूनिकोड या जागतिक लिपिव्यवस्थेंत १९९१ सालीं पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें, आणि त्या मांडणीस आधार झाला तो आपल्याच देशांत ठरलेल्या इस्की या संकेताचा. म्हणजे सुटे खिळे तयार होऊन एक पिढी लोटली. तरीही छापखान्यांच्या जुन्या टंकांत जुळविलेलीं पुस्तकें तशींच पुढें ढकललीं गेल्यामुळें कित्येक मराठी पीडीएफमधील ओळ उचलून दुसरीकडे ठेवावी तों तिचा कडबा होतो. ज्या पानांतलें एक अक्षर हलत नाहीं तें मुलाशीं संवाद काय करणार?

आतां आपण औंधास जाऊं. सातारा जिल्ह्यांतलें हें एवढेंसें संस्थान, पण त्याचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. रामकथा त्यांनीं चित्रांतून प्रसिद्ध केली, आणि गांवाजवळच्या टेकडीवर त्यांनीं उभारलेलें संग्रहालय आजही पाहणाऱ्यास थक्क करतें. त्यांच्या आश्रयास १९१८ सालीं पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आले. हेही मूळचे चित्रकारच. औंधास स्वाध्याय मंडळ थाटून त्यांनीं वेदग्रंथ छापले हें सर्वांस ठाऊक आहे. पण आमच्या मतें त्यांचें अधिक धाडसी काम म्हणजे संस्कृत स्वयंशिक्षकाच्या व पाठमालेच्या त्या लहान लहान पुस्तिका. संस्कृत म्हटलें कीं आधीं रूपावळि, मग समासचक्र, मग गुरूची मर्जी, अशी वहिवाट असलेल्या काळांत या माणसानें कारकुनाला, दुकानदाराला, गृहिणीला सांगितलें कीं, रोज थोडा वेळ द्या आणि आपले आपण शिका. चार शब्द द्यावयाचे, त्यांचीं लहान वाक्यें दाखवावयाचीं, मग वाचकाकडून तशींच वाक्यें करवून घ्यावयाचीं. व्याकरणाचा नियम मागाहून, वाक्य जिभेवर बसल्यावर. शिक्षक समोर नाहीं हें गृहीत धरून पान लिहावें लागलें, म्हणजे वाचक कोठें अडखळेल याचा विचार लिहितांनाच करावा लागला. पाठ रचणाऱ्याचें सगळें कसब या एका विचारांत आहे. भाकरीचा तो पाठ रचणारांस कॅमेरा होता, चित्रकार होते, गोड आवाजाची बाई होती. तो एक विचार नव्हता.

स्वयंशिक्षकास एक गोष्ट मात्र करतां येत नव्हती, ती म्हणजे वाचकाची चूक पाहणें. वाचकानें वहींत काय लिहिलें हें औंधास कसें कळणार? ही उणीव यंत्रानें भरून काढण्याची खटपट त्याच सुमारास अमेरिकेंत चालू होती. ओहायो येथील प्राध्यापक सिडनी प्रेसी यांनीं १९२० नंतरच्या दशकांत प्रश्न विचारणारें व बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न न दाखविणारें एक यंत्र केलें होतें. पुढें १९५३ सालीं बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या शाळेंत गणिताचा तास पाहावयास गेले. मुलें उदाहरणें सोडवीत होतीं, पण आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें त्यांस दुसऱ्या दिवसापर्यंत कळणार नव्हतें. आणि ज्यांचें लवकर झालें तीं स्वस्थ बसून होतीं. हें पाहून अस्वस्थ झालेल्या स्किनरांनीं घरीं येऊन शिकविण्याचें यंत्र रचण्यास हात घातला. १९६० सालीं इलिनॉय विद्यापीठांत ‘प्लेटो’ या नांवानें हेंच काम संगणकाकडे सोपविण्यांत आलें. स्किनरांच्या पद्धतींत कबुतराला दाणा टाकावा तशी मुलाला शाबासकी टाकण्याचा एक वास आहे, तो आम्हांस रुचत नाहीं. पण त्यांचें यंत्र मुलासाठीं थांबत होतें, एवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

दुसरी एक धारा वाईस सांपडते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं त्या लहानशा क्षेत्रांत मराठी विश्वकोशाचें कार्यालय उभें राहिलें व १९७६ सालीं पहिला खंड बाहेर पडला. विश्वकोशाची नोंद वाचतांना मजकुराच्या मध्येंच चौकटी कंसांत एक बाण दिसतो व पुढें दुसऱ्या नोंदीचें नांव. नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ म्हणून आणखी कांहीं नांवें. विद्यार्थिदशेंत आम्ही या बाणांच्या मागें लागून ग्रंथालयांत दुपारच्या दुपारा घालविल्या आहेत. पाटबंधाऱ्यांवरून निघावें, नद्यांवर जावें, तेथून भूविज्ञानांत, तेथून भूकंपांत, आणि कोयनानगरच्या १९६७ च्या भूकंपाशीं येऊन मूळ कशासाठीं आलों होतों तेंच विसरावें! अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनेव्हर बुश यांनीं १९४५ सालीं एका निबंधांत अशाच वाटा जोडून ठेवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली होती, आणि टेड नेल्सन यांनीं १९६५ सालीं ‘हायपरटेक्स्ट’ हें नांव छापून रूढ केलें. वाईच्या संपादकांनीं त्यांस वाचलें होतें कीं नाहीं हा प्रश्न गौण आहे. कोशकाराचा बाण त्याहून फार जुना. आतां विश्वकोशाचे खंड महाजालावर सर्वांस खुले झाले आहेत. चार जड खंड मेजावर मांडून जी वाट चालावी लागे ती बोटाच्या स्पर्शावर आली.

या वाटेचें वैशिष्ट्य हें कीं ती वाचकानें निवडलेली असते. स्वयंशिक्षकांत पान वाचकास प्रश्न विचारतें. कोशांत वाचक पानास विचारतो. चांगल्या डिजिटल पाठांत हीं दोन्हीं एकत्र यावयास हवींत, आणि तेंच कठीण आहे. ॲलन के यांनीं १९७२ सालीं मुलांसाठीं वहीएवढ्या संगणकाची कल्पना रेखाटली तेव्हां त्यांच्या मनांत असेंच पान होतें, कीं ज्यांत मूल वाचील, लिहील आणि पानाची घडणही बदलील. आमच्या देशांत १९८४ सालीं निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्याची योजना सरकारनें काढली. त्या योजनेविषयीं बोलण्यासारखें एवढेंच कीं, यंत्रें आलीं आणि मराठी पाठ आले नाहींत.

मराठी शाळेंत संवाद करणारें पान खऱ्या अर्थानें अवतरलें तें आमच्या मतें पडद्यावर अवतरलेंच नाहीं. तें जमिनीवर अवतरलें. सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीट हें नांव शिक्षणक्षेत्रांतल्या लोकांस परिचित आहे. प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी बाईंनीं आपल्या अखत्यारींतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीं जें केलें, तें पाहण्यास राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षकांच्या गाड्या येऊं लागल्या. वर्गांतील फरशीवर अंकांच्या चौकटी व अक्षरांचीं जाळीं रंगवून काढलेलीं. मुलें त्यांवर उड्या मारीत संख्या वाचीत, काड्यांचे गठ्ठे बांधून दशक-एकक मांडीत, खोट्या नोटांनीं हिशेब करीत. फळे खालीं, मुलांच्या हातांस लागतील असे. बाई सांगत नव्हत्या, मुलें एकमेकांस विचारीत होतीं. येथें फरशी हेंच पान होतें, आणि मुलानें पाऊल टाकल्याखेरीज तें पान कांहींच बोलत नसे. धूळपाटीची पणती म्हणावी अशी ही वस्तु! २०१५ च्या जूनमध्यें राज्य सरकारनें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम काढला, त्यामागें कुमठ्याची प्रेरणा होती. मग व्हावयाचें तें झालें. पुष्कळ ठिकाणीं फरशा रंगल्या, आणि मुलांनीं त्यांवरून चालूं नये, रंग जाईल, अशी ताकीदही मिळाली.

सांगलीच्या शेजारीं सोलापूर जिल्ह्यांत माढा तालुक्यांतील परितेवाडी या वस्तीच्या शाळेंत रणजितसिंह डिसले या प्राथमिक शिक्षकांनीं निराळी वाट काढली. पाठ्यपुस्तकाचें पान तसेंच ठेवून त्यांनीं त्याच्या कडेला क्यूआर कोड छापला. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा हा ठसा १९९४ सालीं जपानांत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं निघाला. परितेवाडीस तो कविता ऐकविण्याच्या कामीं लागला. पुढें बालभारतीच्या पुस्तकांत असे ठसे छापले जाऊं लागले, आणि २०२० च्या डिसेंबरांत डिसले यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीं मार्चमध्यें रोगराईमुळें शाळा बंद झाल्या होत्या. त्या दिवसांत या ठशांची किंमत सर्वांस कळली. आणि तेव्हांच जावळी-पाटणच्या डोंगरांतलीं मुलें मोबाइलला रेघ मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन बसत, घरांत एक फोन व तोही बापाबरोबर कामावर गेलेला असे, हेंही सर्वांनीं पाहिलें. साधन चांगलें असणें आणि तें सर्वांच्या हातीं असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असें आम्हीं वर म्हटलें तें येथें आठवावें.

आणखी एक प्रश्न आम्हांस सतावतो. ठसा हें दार आहे; दारापलीकडे काय आहे? आम्हीं जेवढे उघडून पाहिले त्यांतले बहुतेक चित्रफितीकडे नेतात. फीत चांगली असूं शकते. पण ती मुलासाठीं थांबत नाहीं, मूल तिच्यासाठीं थांबतें. दार डिसल्यांनीं उघडून दिलें. पलीकडची खोली सजविण्याचें काम आमच्यासारख्या विषयशिक्षकांचें होतें, आणि आम्हीं तें केलें नाहीं. आम्हीं आपलीं टिपणें छायाचित्रून पाठविलीं व त्यास डिजिटल शिक्षण म्हटलें.

या अपराधाची टोंचणी म्हणून म्हणा, आम्हीं वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं एक असा पाठ रचून पाहिला. संगणकाचें काम आमच्या एका तरुण सहकाऱ्याचें, विषय आमचा. सांगलींत राहणाऱ्यास विषय शोधावा लागत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा आयर्विन पुलाशीं ५७ फुटांवर चढली. धोक्याची खूण ४५ फुटांची. १९२९ सालीं झालेल्या या पुलानें इतकें पाणी पाहिलें नव्हतें. ब्रह्मनाळ येथें बचावाची नाव उलटून माणसें दगावलीं. ग्रंथालयांतलीं जुनीं पुस्तकें चिखलांत लगदा होऊन पडलेलीं आम्हीं स्वतः उचललीं आहेत; त्या दिवसापासून कागदाची प्रत हीच काय ती खरी, हा आमचा जुना हट्ट ओसरला. तेव्हां पुराचाच पाठ करावा असें ठरलें. कोयनेचें धरण, त्याचा १०५ टीएमसींचा सांठा, कराडास प्रीतिसंगमावर कोयना-कृष्णेची भेट, आणि खालीं सांगलीचा पूल. मुलानें पडद्यावर धरणाचे दरवाजे उघडावे, पावसाचा आंकडा ठरवावा, आणि पुलाशीं पाणी किती चढतें तें पाहावें. अकरा पानें झालीं. चित्रें सुरेख होतीं. आम्ही खूष होतों.

एका माध्यमिक शाळेच्या नववीच्या वर्गांत आम्हीं तो पाठ नेला. दोन मिनिटेंही झालीं नसतील तों एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “सर, झालं. आतां काय करूं?” त्यानें प्रत्येक पानावरची ‘पुढें’ ही कळ एकामागून एक दाबून अकराही पानें पार केलीं होतीं. दरवाजे एकदांही उघडले नव्हते. त्याचें कांहींच चुकलें नव्हतें. आम्हींच त्याच्यापुढें ती कळ ठेविली होती. भाकरीच्या पाठास हसणाऱ्या आम्हीं स्वतः तेंच केलें होतें, फक्त घाई पडद्यास नव्हती, मुलास होती, आणि आमच्या पानास त्याला अडविण्याचें कांहीं कारण सुचलें नव्हतें.

दुसऱ्या खेपेस ती कळ काढून टाकिली. पानावर पुलाच्या खांबाचें चित्र ठेविलें व सांगितलें कीं, एवढें पाणी सोडलें तर तें कोठवर येईल तेथें बोटानें रेघ ओढा, आणि तसें कां वाटतें तें एका वाक्यांत लिहा. वाक्य लिहिल्याशिवाय पान हालत नसे. मग मुलाची रेघ व प्रत्यक्ष नोंद शेजारीं शेजारीं दिसत. मुलाची रेघ पुसली जात नसे, कारण चूक पाहावयाची तर ती डोळ्यांपुढें राहिली पाहिजे. पण गुणही कोणी मांडीत नसे. अकरांचीं चार पानें उरलीं आणि वेळ मात्र पाऊण तास लागूं लागला. मुलें भांडूं लागलीं. “तुझी रेघ खालीं कां?” “पाणी यायला वेळ लागतो म्हणून.” “किती वेळ?” हा प्रश्न पाठांत नव्हता; तो घालावा लागला.

त्याच वर्गांत हरिपूरची एक मुलगी होती. तिनें रेघ ओढली, वाक्याच्या जागीं कांहींच लिहिलें नाहीं, आणि हात वर केला. “सर, यांत वारणा कुठं आहे?” आम्हीं म्हटलें, वारणा तर सांगलीच्या खालीं मिळते, तिचा पुलाशीं काय संबंध? ती शांतपणें म्हणाली, “वारणा फुगली कीं आमच्या इथं कृष्णा पुढं सरकत नाहीं, तुंबून मागं येते. आजोबा आधीं वारणेचं पाणी बघतात.” वर्गांतलीं तिच्याच बाजूचीं आणखी दोन मुलें मान डोलवूं लागलीं. संगमाच्या कांठीं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांस जें ठाऊक तें आमच्या चार पानांत नव्हतें. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, तें सांगण्यास पानावर जागाही नव्हती. कारण लिहा, असें आम्हीं म्हटलें होतें. आमचें चुकलें तर सांगा, असें म्हटलें नव्हतें. पडद्यावरील बाईप्रमाणें आम्हीही उत्तर आधींच ठरवून बसलों होतों, फरक इतकाच कीं आम्ही थोडे थांबलों.

आतां पाठांत वारणा आहे. चांदोलीच्या धरणाचे दरवाजेही उघडतां येतात. प्रत्येक पानाच्या तळाशीं एक कोरी पट्टी ठेविली आहे, तिच्यावर ‘हें असें नाहीं’ एवढेंच लिहिलें आहे, आणि तीवर मूल जें लिहील तें पुढच्या वर्गास दिसतें. पट्टीवर आजवर आलेल्यांत थट्टा पुष्कळ आहे, एकानें आमच्या काढलेल्या होडीस नांवें ठेविलीं आहेत, तीं योग्य आहेत. कांहीं नोंदी मात्र अशा आहेत कीं त्यांचें काय करावें हें ठरत नाहीं. गांवभागांतल्या एका मुलानें लिहिलें आहे कीं, २००५ च्या पुराची म्हणून आमच्या पानावर जी पातळी दिली आहे ती त्यांच्या घराच्या भिंतीवर आजीनें कोरून ठेवलेल्या खुणेशीं जुळत नाहीं, दोन वितींचा फरक पडतो. भिंत खचली, कीं आजीची खूण लाटेची आहे, कीं आमचीच गणना चुकली, हें येथें बसून सांगतां येण्याजोगें नाहीं. येत्या रविवारीं टेप घेऊन त्यांच्या घरीं जावयाचें ठरलें आहे. वर्गांतलीं सात मुलें बरोबर येणार आहेत.